मज्जेपर्यंत पोचलेला आवाज
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मला दिलीत, याबद्दल मी कार्यकारिणीचा मनःपूर्वक आभारी आहे. ‘संगीतावर काही बोलावे’ असे निमंत्रणपत्रात म्हटले होते. ते लिहिताना संयोजकांच्या मनात बहुधा नाट्यसंगीत, भावगीत किंवा एखाद्या घराण्याची गायकी असावी. त्या विषयांवर अधिकारवाणीने बोलतील अशी माणसे याच सभागृहात पुष्कळ बसली आहेत. त्यांच्यापुढे त्याच वाटेने जाण्याचे धाडस मी करीत नाही. मी आज आपल्याला बरेच दूर नेणार आहे. उत्तर अटलांटिक महासागरात, हिमनद्या आणि ज्वालामुखी यांच्या सान्निध्यात वसलेल्या आइसलँड या बेटावर जन्मलेली ब्यर्क ही प्रयोगशील गायिका, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेली तिची ‘मेदूला’ ही ध्वनिमुद्रिका, हा माझ्या व्याख्यानाचा विषय आहे.

मराठी मंडळाच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर व्याख्यानाच्या ओघात मिळावे अशी माझी इच्छा आहे. तूर्त एवढेच सांगतो की, स्वतःचा देश सोडून परमुलखात राहणाऱ्या एका कलावतीने आपल्या कलेतील एकेक गोष्ट बाजूला काढून, शेवटी आपल्यापाशी काय उरते, हे पाहिले. महाराष्ट्राबाहेर पन्नास वर्षे एकत्र नांदलेल्या आपल्यासारख्या समाजाला हा प्रश्न अगदीच परका वाटू नये.

प्रथम गायिकेचा अल्प परिचय. तिचे पूर्ण नाव ब्यर्क गुद्मुंड्सदॉट्टिर. म्हणजे गुद्मुंडुरची कन्या ब्यर्क. आइसलँडमध्ये बहुतेकांना आपल्यासारखी आडनावे नसतात. नावापुढे वडिलांचे, क्वचित आईचे नाव लावतात आणि व्यवहारात माणसाला त्याच्या स्वतःच्या नावानेच ओळखतात. त्यामुळे तिला नुसते ‘ब्यर्क’ म्हणण्यात अनादर नाही. तिचा जन्म २१ नोव्हेंबर १९६५ रोजी रेक्याविक या राजधानीत झाला. सहाव्या वर्षी ती तेथील मुलांच्या संगीतशाळेत दाखल झाली आणि पियानो व बासरी शिकली. १९७७ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे बंडखोर तरुणांच्या वाद्यवृंदांतून ती गाऊ लागली. त्यांपैकी ‘शुगरक्यूब्ज’ या वृंदाने तिला आइसलँडबाहेर ओळख मिळवून दिली. तो वृंद विसर्जित झाल्यावर ती लंडनला आली आणि १९९३ साली ‘डेब्यू’ ही ध्वनिमुद्रिका घेऊन स्वतंत्रपणे रसिकांपुढे उभी राहिली.

येथे एक लहानसा दुवा आपल्या मुलखाशी जुळतो. ‘डेब्यू’मधील एका सुप्रसिद्ध गीताच्या तंतुवाद्यांची योजना तल्विन सिंग या भारतीय वंशाच्या तबलावादकाने केली होती आणि ते वादन मुंबईतील वादकांकडून ध्वनिमुद्रित करून घेतले होते. चित्रपटगीतांमागे नाव न येता आयुष्यभर व्हायोलिन वाजवणाऱ्या वादकांचा स्वर असा अनपेक्षित वाटेने युरोपातल्या घराघरांत पोचला.

त्यानंतर १९९५ साली ‘पोस्ट’, १९९७ साली ‘होमोजेनिक’ आणि २००१ साली ‘व्हेस्परटाइन’ या ध्वनिमुद्रिका आल्या. २००० साली कान येथील चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कारही मिळाला. ‘व्हेस्परटाइन’च्या वेळी तिचा सांगीतिक संसार किती वाढला होता, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे, कारण ‘मेदूला’चा जन्म त्या संसाराच्या प्रतिक्रियेतून झाला. ‘व्हेस्परटाइन’च्या दौऱ्यात तिच्याबरोबर संपूर्ण वाद्यवृंद असे. झीना पार्किन्स ही हार्पवादक असे, संगणकावर सूक्ष्म आवाजांची वीण घालणारे ‘मॅटमोस’ हे जोडनाव असे, आणि ग्रीनलँडमधील इनुइट स्त्रियांचा गानवृंदही असे. ऑपेरागृहांमधून हा सगळा लवाजमा मांडला जाई. ऐश्वर्याची ही परिसीमा होती. यानंतर बहुतेक कलावंत आणखी मोठा वाद्यवृंद, आणखी मोठे सभागृह शोधतात. ब्यर्क उलट दिशेला वळली.

या काळात दोन गोष्टी घडल्या. ती तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहू लागली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी तेथील जुळ्या मनोऱ्यांवर हल्ला झाला आणि त्यानंतर अमेरिकेत राष्ट्राभिमानाची, ध्वजांची आणि परक्यांविषयीच्या संशयाची जी लाट उसळली ती तिने जवळून पाहिली. राष्ट्रे, धर्म आणि संस्कृती यांच्या आधी माणसापाशी जे होते, तेथपर्यंत आपल्याला जायचे होते, असे तिने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. दुसरी गोष्ट घरातली. २००२ साली तिला कन्यारत्न झाले. लहान मूल घरात आले की घराचे संगीत बदलते. हुंकार, चुटक्या, जिभेचे टकटक आवाज, अर्थावाचून केलेले लाडके बोल आणि अंगाई, एवढीच त्याची सामग्री असते. या दोन गोष्टींपैकी कोणती किती कारणीभूत झाली, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. जगाविषयीचे चिंतन आणि पाळण्याशेजारचे अनुभव, दोन्ही तिला एकाच ठिकाणी घेऊन गेले. ते ठिकाण म्हणजे मानवी कंठ.

ही ध्वनिमुद्रिका केवळ आवाजांची करावयाची, असा संकल्प सोडून ती कामाला बसली नव्हती. आरंभी गीतांमध्ये वाद्ये होती. ध्वनिमुद्रणाच्या पटलावर प्रत्येक वाद्याची पट्टी स्वतंत्र असते आणि एक कळ दाबून ती मुकी करता येते. एकेक वाद्य असे मुके करीत गेल्यावर गीत मरत नाही, किंबहुना ते अधिक जवळ येते, असे तिच्या ध्यानात आले. मग तिने निश्चय केला. ताल, खर्ज, स्वरांचा भरणा, जे जे हवे ते कंठातूनच निर्माण करावयाचे. पुऱ्या झालेल्या ध्वनिमुद्रिकेत पियानोसारखे एखादे वाद्य मोजक्या ठिकाणी डोकावते. बाकी सगळा व्यवहार माणसांच्या आवाजांवर चालतो.

नावाचा इतिहासही उद्बोधक आहे. आरंभी ‘इंक’, म्हणजे शाई, हे नाव तिच्या मनात होते. आपणा सर्वांच्या अंगात वाहणाऱ्या, हजारो वर्षे जुन्या काळ्या रक्ताची कल्पना त्यामागे होती. पुढे ‘मेदूला’ हा लॅटिन शब्द निश्चित झाला. वैद्यकाच्या परिभाषेत त्याचा अर्थ हाडांतील मगज, अवयवाचा आतला गाभा, म्हणजेच मज्जा. येथे भाषाशास्त्रातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. या मज्जेला ब्यर्कच्या मातृभाषेत ‘मेर्गुर’ असा शब्द आहे. हा ‘मेर्गुर’ आणि आपला संस्कृतातून आलेला ‘मज्जा’ हे दोन्ही शब्द एकाच प्राचीन मूळ धातूपासून निघालेले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आपण आणि आइसलँडचे लोक यांच्यामध्ये सात समुद्रांचे अंतर असले, तरी हाडांच्या आतल्या वस्तूला आपण अजून एकाच नावाने हाक मारतो!

आता या गाभ्यापर्यंत पोचण्यासाठी तिने कोणकोणते आवाज जमवले ते पाहू. माझ्या मते या ध्वनिमुद्रिकेचा खरा पराक्रम येथे आहे.

पहिले नाव तान्या टगाक हिचे. ती कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय प्रदेशातील, नुनावुटमधील इनुइट समाजाची. त्या समाजात ‘कटाज्जक’ नावाचा कंठगायनाचा एक प्रकार आहे. दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या राहतात आणि श्वास आत घेताना व बाहेर सोडताना घशातून लयबद्ध ध्वनी काढतात. एकीच्या ध्वनीच्या फटीत दुसरीचा ध्वनी बसतो. हा एक खेळच असतो. जिचा दम तुटेल किंवा जिला हसू फुटेल ती हरली. मिशनऱ्यांच्या काळात हे गायन निषिद्ध मानले गेले आणि बऱ्याच ठिकाणी ते लोपण्याच्या पंथाला लागले. टगाक शिक्षणासाठी घरापासून दूर हॅलिफॅक्स येथे होती, तेव्हा तिच्या आईने अशा गायनाच्या ध्वनिफिती तिला पाठवल्या. समोर उभी राहणारी जोडीदारीण नव्हती. तेव्हा तिने दोघींचे गाणे एकटीने गाण्याची रीत स्वतःच शोधून काढली. परगावी राहणाऱ्या मुलीला आईने पाठवलेल्या ध्वनिफितींतून एक नवी गायकी जन्माला यावी, ही हकीगत या सभागृहातील अनेक मातांना भावेल, असे मला वाटते.

‘व्हेस्परटाइन’च्या दौऱ्यात टगाक ब्यर्कबरोबर गायली होती. ‘मेदूला’मध्ये ती पूर्ण भागीदार म्हणून आली. ‘अ‍ॅन्सेस्टर्स’, म्हणजे ‘पूर्वज’, या रचनेत दोघी गातात आणि तीत एकही शब्द नाही. केवळ श्वास, हुंदका, गुरगुर, निःश्वास. पहिल्यांदा ऐकताना ही रचना अस्वस्थ करते, हे मी मान्य करतो. तथापि, शब्दावाचून भाव पोचवणे आपल्याला तरी नवे कोठे आहे? आलापीत आणि तराण्यात कोशातला अर्थ आपण कधी मागितला नाही. फरक एवढाच की, आपल्या गायकीने स्वर तेवढा ठेवून श्वासाचा आवाज झाकला. इनुइट स्त्रियांनी श्वासालाच गाणे केले.

दुसरा गट मुखाने ताल धरणाऱ्यांचा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांच्या हिप-हॉप संगीतात ‘बीटबॉक्सिंग’ नावाची कला वाढली. ओठ, जीभ, टाळू आणि घसा यांच्या साहाय्याने ढोल, झांज आणि यंत्रातील तालध्वनी हुबेहूब काढावयाचे, ही ती कला. अमेरिकेचा राझेल, जपानचा दोकाका आणि ब्रिटनचे श्लोमो असे तिघे कलावंत यात आहेत. ‘ट्रायम्फ ऑफ अ हार्ट’ या शेवटच्या गीतात राझेल आणि दोकाका यांच्या जोडीला ग्रेगरी पर्नहेगन हा गायक तोंडाने ट्रॉम्बोनचा आवाज काढतो, आणि श्रेयनामावलीतही त्याची नोंद ‘मानवी ट्रॉम्बोन’ अशीच आहे. ज्यांनी तबल्याची तालीम घेतली आहे त्यांना याचे कौतुक वाटेल, आश्चर्य वाटणार नाही. आपल्याकडे बोल आधी मुखाने पढायचा आणि मग हाताने वाजवायचा, अशी शिस्त आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातही नृत्य वाद्याच्या मागे आणि वाद्य गीताच्या मागे चालते, असाच क्रम दिला आहे. जे त्या शास्त्रकाराने सूत्रात सांगितले ते ब्यर्कने अखेरच्या टोकापर्यंत नेऊन पाहिले.

तिसरा आवाज रॉबर्ट वायट याचा. हा इंग्रज कलावंत मूळचा ‘सॉफ्ट मशीन’ या प्रसिद्ध वृंदाचा तालवादक आणि गायक. १९७३ साली खिडकीतून पडून त्याचे कमरेखालचे शरीर लुळे झाले. पायांनी वाजवायचा ढोल गेला, पण कंठ उरला. त्या कंठावर त्याने पुढची कारकीर्द उभी केली. त्याचा आवाज उंच, किंचित कापरा आणि कमालीचा निष्पाप आहे. ‘सबमरीन’ या गीतात ब्यर्कने त्याला गायला लावले, आणि त्यासाठी ती स्वतः त्याच्या घरी गेली. वाद्य हातचे गेल्यावर आवाजाच्या आधाराने जगलेल्या माणसाला या ध्वनिमुद्रिकेत स्थान मिळणे, यात मला विलक्षण औचित्य दिसते.

यांच्याखेरीज अमेरिकन रॉकगायक माइक पॅटन याचा खर्ज आहे. लंडनमधील आणि आइसलँडमधील गानवृंद आहेत. ध्वनिमुद्रणाची कामे न्यूयॉर्क, आइसलँड, व्हेनिस, कॅनरी बेटे अशी अनेक ठिकाणी विखुरलेली होती. ज्याचा आवाज हवा त्याच्यापर्यंत लहानसे यंत्र घेऊन जावयाचे, असा हा प्रवासी कारखाना होता. वाल्गेर सिगुर्दसन हा आइसलँडचा तंत्रज्ञ-संगीतकार आणि मार्क बेल हा तिचा जुना सहकारी, हे या कामातले तिचे प्रमुख साथीदार. अंतिम मिश्रण मार्क स्टेंट याने केले. याच काळात राग्नहैदुर गेस्ट्सदॉट्टिर हिने या निर्मितीवर एक माहितीपट तयार केला. ‘प्राण्याचा अथवा वनस्पतीचा आतला किंवा खोल भाग’ अशा आशयाचे, म्हणजे ‘मेदूला’ शब्दाचा कोशगत अर्थच, असे त्याचे नाव आहे.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. हे सारे आवाज संगणकात घालून त्यांचे तुकडे केले, थर चढवले, एका गायिकेचे पन्नास कंठ केले. मग याला ‘केवळ मानवी आवाज’ कसे म्हणावयाचे? आक्षेप बिनबुडाचा नाही. ‘डिझायर्ड कॉन्स्टेलेशन’ या गीतामागची झुळझुळ तर तिच्याच एका आधीच्या गीतातील आवाजाची ओळ बारीक चुरून ऑलिव्हिए अलारी याने सिद्ध केली आहे. पण याच ध्वनिमुद्रिकेत ‘शो मी फर्गिव्हनेस’ हे छोटे गीतही आहे. ते ब्यर्क एकटी, कोणत्याही साथीशिवाय, अंगावरचे दागिने उतरवून देवघरात बसावे तशी गाते. यंत्राने शंभर घड्या घातलेला आवाज आणि घडी न घातलेला आवाज तिने शेजारी शेजारी ठेवले आहेत. यंत्र तिने लपवले नाही आणि यंत्रापुढे हातही टेकले नाहीत. शिवाय स्टुडिओत सहसा गायकाचा श्वास, ओठांचा चुटका, गिळल्याचा आवाज कापून टाकतात. तिने तो राखला. जे इतर वेळी कचरा म्हणून फेकले जाते, ते येथे कच्चा माल झाले आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. राष्ट्र आणि संस्कृती यांच्या पलीकडे जायचे, असे म्हणून ही गायिका निघाली. वाद्ये गेली, काही रचनांतून शब्दही गेले. या न्यायाने शेवटी भाषा मुळीच उरू नये. प्रत्यक्षात काय घडले? या चौदा रचनांमध्ये तिची मातृभाषा उरली! ज्या मुक्कामी तिने सगळ्याचा त्याग केला, त्याच मुक्कामी ती आइसलँडिक भाषेत गायली. २००४ साली ज्या देशाची लोकसंख्या तीन लाखही भरत नव्हती, त्या देशाची ही भाषा. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराची वस्तीही याहून अधिक असते.

त्यातील ‘वोकुरो’ हे गीत मी आपल्याला आवर्जून ऐकावयास सांगेन. शब्दशः अर्थ सांगायचा तर ‘जागेपणीची शांतता’. ही ब्यर्कची स्वतःची रचना नव्हे. संगीत योरुन विदार या ज्येष्ठ आइसलँडिक संगीतकर्तीचे आहे. बर्लिन आणि न्यूयॉर्क येथे शिक्षण घेऊन ती मायदेशी परतली आणि पुरुषांच्या मक्तेदारीत दीर्घकाळ जवळजवळ एकटीने रचना करीत राहिली. कविता याकोबिना सिगुर्दारदॉट्टिर हिची आहे. ही कवयित्री आणि कादंबरीकार शेतावर संसार करीत लिहीत असे. शेतावरची कवयित्री म्हटल्यावर आपल्या मनात कोणाचे नाव आले, ते मला ठाऊक आहे. दोघींची जातकुळी मात्र वेगळी आहे, तेव्हा तुलना करण्याचे कारण नाही. योगायोग असा की, संगीतकर्ती आणि कवयित्री दोघीही १९१८ सालच्या. शांततेत निजलेले आपले घर, हा त्या कवितेचा विषय. गानवृंदाच्या मंद स्वरांवर ब्यर्कचा आवाज हलकेच उतरतो. यंत्राची करामत जवळजवळ जाणवतच नाही. जगभर गाजलेल्या, सर्वांत नव्या म्हणवणाऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या मधोमध तिने दोन वडीलधाऱ्या स्त्रियांचे जुने गीत, एका अक्षराचेही भाषांतर न करता ठेवले आहे. जपानमधल्या, ब्राझीलमधल्या, अमेरिकेतल्या श्रोत्याला ते समजेल का, याची चिंता तिने केली नाही. अर्थाची दारे बंद असली तरी स्वराच्या खिडकीतून माणसे आत येतील, यावर तिचा विश्वास होता आणि माणसे आलीही.

प्रकाशनाची कथा थोडक्यात सांगतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी अथेन्स येथे ऑलिंपिक क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले. त्या समारंभासाठी ब्यर्कने ‘ओशियानिया’ हे गीत रचले होते. शब्दरचनेत स्योन या आइसलँडिक कवीचे साहाय्य होते. समुद्र ही माता असून तिच्या उदरातून वर आलेल्या मानवांना ती उद्देशून बोलते, अशी त्याची कल्पना. याच्या तालाचे काम अगदी ऐनवेळी श्लोमोकडून करवून घेतले होते. समारंभात गीत चालू असताना तिच्या वेषाचे अफाट वस्त्र उलगडत उलगडत मैदानावर जमलेल्या सर्व देशांच्या खेळाडूंवर पसरले आणि त्यावर जगाचा नकाशा उमटला. एखाद्या स्पर्धेच्या उद्घाटनाला जयघोषाचे गीत अपेक्षित असते. येथे माणसांच्या कंठांतून निघालेल्या पाण्याच्या बुडबुड्यांसारख्या स्वरांनी ते मैदान भरून गेले.

त्यानंतर ३० ऑगस्ट २००४ रोजी, त्या वेळी ‘वन लिटल इंडियन’ या नावाने चालणाऱ्या ब्रिटिश संस्थेने ‘मेदूला’ प्रसिद्ध केली. ब्रिटनच्या विक्रीक्रमात ती नवव्या आणि अमेरिकेच्या क्रमात चौदाव्या स्थानापर्यंत पोचली. वाद्यांवाचून रचलेल्या, अर्धीअधिक अनोळखी वाटणाऱ्या कृतीला मिळालेला हा प्रतिसाद नगण्य म्हणता येणार नाही. ग्रॅमी पुरस्कारांसाठी ध्वनिमुद्रिकेला आणि ‘ओशियानिया’ला नामांकने मिळाली, पुरस्कार मिळाले नाहीत. समीक्षकांपैकी बहुतेकांनी स्वागत केले, काहींना ती दुर्बोध वाटली. या ध्वनिमुद्रिकेसाठी तिने दौरा काढला नाही. जगभर विखुरलेले हे सारे कंठ एका रंगमंचावर आणणे सोपे नव्हते.

तथापि, या बीजाला पुढे अंकुर फुटले. टगाकच्या ‘अ‍ॅनिमिझम’ या ध्वनिमुद्रिकेला २०१४ साली कॅनडाचा ‘पोलारिस’ पुरस्कार मिळाला. एकेकाळी निषिद्ध ठरलेला श्वासांचा खेळ सन्मानाच्या आसनावर बसला. आणि २०१९ साली न्यूयॉर्कमध्ये ब्यर्कने ‘कॉर्न्युकोपिया’ हा मोठा रंगमंचीय कार्यक्रम सादर केला, तेव्हा आइसलँडचा हाम्रालीद हा तरुणांचा गानवृंद तिच्याबरोबर उभा होता. याच वृंदात ती स्वतः शालेय वयात गायली होती. जगप्रवास करून आलेली गायिका आपल्या शाळेच्या गानवृंदाला हाताशी धरून जगापुढे उभी राहते, यापरते मातृभूमीचे ऋण फेडणे कोणते?

मित्रहो, आपल्या मंडळाने पन्नास वर्षे काय केले? गणेशोत्सव केले, नाटके बसवली, ग्रंथालय चालवले, संक्रांतीला तिळगूळ वाटला. ही सगळी आपली वाद्ये आहेत आणि ती वाजत राहावीत. परंतु परमुलखात तिसरी पिढी वाढते तेव्हा एकेक पट्टी नकळत मुकी होत जाते. नाटकाला पात्रे मिळत नाहीत, ग्रंथालयात वाचक मिळत नाहीत. अशा वेळी आपण घाबरून जुन्या कार्यक्रमांचीच यादी घट्ट धरून बसतो, किंवा नव्या पिढीचे संगीत म्हणजे गोंगाट, असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवतो. ‘मेदूला’ मला यातले दोन्ही करू देत नाही. ती सांगते की, वाद्ये मुकी झाली तरी श्वास आणि मायबोली शिल्लक राहू शकतात. मात्र त्या आपोआप राहत नाहीत. टगाकच्या आईने ध्वनिफिती पाठवल्या म्हणून तिचे गाणे राहिले. योरुन विदार हिने आपल्या भाषेतील कवितेला चाल लावली म्हणून ब्यर्कला गाण्यासाठी ‘वोकुरो’ मिळाले. मागच्या पिढीने कोणीतरी काहीतरी पुढे पाठवावे लागते, आणि पुढच्या पिढीने त्याचे काय करावे हे तिच्यावर सोपवण्याची तयारीही ठेवावी लागते. दोघींचे गाणे एकटीने गाणारी टगाक त्या मातेच्या कानांना प्रथम कशी वाटली असेल, याचा विचार आपण जरूर करावा.

म्हणून माझी एक सूचना आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या सभासदांपैकी ज्या वडीलधाऱ्या स्त्रियांना ओव्या, अंगाई, पाळणे, भोंडल्याची गाणी मुखोद्गत आहेत, त्यांचे आवाज मंडळाने ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. साथ नको, सजावट नको. श्वास, खोकला, विसरलेली ओळ, सारे तसेच राहू द्यावे. आणि ते आपल्या मुलानातवंडांच्या हाती द्यावे. त्यांनी त्याचे तुकडे केले, त्यावर मुखाने ताल धरला, त्यातून आपल्याला न कळणारे काही घडवले, तरी रागावू नये. मज्जा हाडाच्या आत असते, डोळ्यांना दिसत नाही. पण रक्त नवे होते ते तिच्यातूनच.

 मंडळाच्या शतकमहोत्सवी व्यासपीठावरूनही कोणीतरी मराठीत बोलत असो आणि ते ऐकायला असेच भरलेले सभागृह असो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.